उन्हात राबणारी कातडी, तिच्यातले जनुकीय बदल आणि त्वचेचा कर्करोग

कोरडवाहू (परभणी)

कॉलेजात उत्परिवर्तन (जनुकांतले बदल) शिकवताना "त्वचेच्या कर्करोगाचं मुख्य कारण ऊन" असं फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न येतो. "सर, आमचा आजा जन्मभर उघड्या अंगानं औत हाकायचा, त्याला कसं काही झालं नाही?" प्रश्न रास्त आहे. पाठ्यपुस्तकात त्याचं उत्तर सापडत नाही, कारण पुस्तकातली बहुतेक माहिती गोऱ्या कातडीच्या अभ्यासावरून आलेली आहे. म्हणून हा धागा काढतोय.

आधी ऊन नेमकं करतं काय ते पाहू. उन्हातले अतिनील किरण पेशीतल्या डीएनएवर पडले की शेजारशेजारची दोन अक्षरं (सी किंवा टी) एकमेकांना चिकटतात. पेशीकडे हे दुरुस्त करायची यंत्रणा असते. ती खराब तुकडा कापून काढते आणि समोरच्या धाग्यावरून पाहून नवा भरते. या यंत्रणेचं काम उलगडून दाखवणाऱ्या अझीझ सँकार यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पण एखादी जागा दुरुस्तीतून सुटते आणि तिथं सी जाऊन टी येतो. लागून असलेल्या दोन्ही सींच्या जागी दोन टी आले, तर ते काम उन्हाचंच असं जवळजवळ नक्की समजतात. १९९१ मध्ये येल विद्यापीठातल्या डग्लस ब्रॅश यांच्या गटानं त्वचेच्या कर्करोगातल्या टीपी५३ या जनुकात हीच खूण दाखवली. टीपी५३ म्हणजे बिघडलेल्या पेशीला वाढू न देणारं जनुक. तेच बिघडलं की पेशीला अडवणारं कोणी राहत नाही.

खरी गंमत पुढे आहे. २०१५ मध्ये इंग्लंडच्या सँगर संस्थेतल्या लोकांनी चौघांच्या पापण्यांची कातडी तपासली. पापणी लोंबते म्हणून शस्त्रक्रियेत काढलेली, अगदी निरोगी कातडी. तिचे २३४ बारीक तुकडे करून डीएनए वाचला, तर पावेक पेशींत कर्करोगाकडे नेऊ शकणारा निदान एक बदल आधीच होता. कर्करोग मात्र कोणालाच नव्हता.

मग २०२३ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आणखी एक अभ्यास आला. त्यात ब्रिटन आणि सिंगापूर इथल्या उतारवयातल्या लोकांची चेहऱ्याची निरोगी कातडी शेजारी शेजारी ठेवून वाचली. सिंगापूर विषुववृत्ताला चिकटून आहे, तिथं अतिनील किरण ब्रिटनच्या दुप्पट-तिप्पट. तरी त्वचेचे नेहमीचे दोन कर्करोग (बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल) तिथं ब्रिटनपेक्षा १७ पटींनी कमी. कातडीत कारण दिसलं. ब्रिटिश कातडीत बदलांचा बोजा चौपट, त्यातले बहुतेक उन्हाच्या खुणेचे, आणि टीपी५३ बिघडलेल्या पेशींची चलती. सिंगापूरच्या कातडीत जे बदल होते ते मुख्यतः पेशीच्या आपल्या वयोमानानं झालेले, आणि तिथं जोर नॉच१ आणि नॉच२ ही जनुकं बिघडलेल्या पेशींचा.

थोडक्यात, ऊन किती पडतं यापेक्षा ते कोणत्या कातडीवर पडतं याला जास्त महत्त्व आहे. पण म्हणून आपण मोकळे झालो असं मला वाटत नाही. आपल्या भागात काय दिसतं ते जाणकारांनी लिहावं.

मांजराकाठ (लातूर)

सर, लई भारी लिव्हलंय. पण एक समजना. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, ते सिंगापूर तर ३०-३२ वरच असतंय म्हणं. मग तिथलं ऊन आमच्यापेक्षा कडक कसं?

कोरडवाहू

मांजराकाठ, ताप वेगळा आणि अतिनील किरण वेगळे. पारा चढतो तो तापलेल्या जमिनीमुळे आणि हवेमुळे. अतिनील किरण ठरतात सूर्य किती डोक्यावर आहे त्यावर. तुमच्या लातुरात मेच्या मध्यावर आणि संभाजीनगरात २० मेच्या आसपास शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी खांबाची सावली बुडाशीच पडते. सूर्य जितका डोक्यावर, तितका किरणांना हवेतून आणि ओझोनमधून कमी प्रवास. सिंगापुरात सूर्य वर्षभर असा जवळजवळ डोक्यावर असतो. आपल्याकडे जानेवारीत उतरतो. म्हणून वर्षाची बेरीज त्यांची मोठी.

आणखी एक. ढगाळ दिवशी गार वाटतं, पण पातळ ढगांतून अतिनील किरण बऱ्यापैकी खाली येतात. खुरपणीला गेलेल्या बाया श्रावणात जास्त काळवंडतात, त्यात हेही एक कारण असावं. ढग आहेत म्हणून डोक्यावरचा पदर बाजूला जातो.

सडेतोड (छत्रपती संभाजीनगर)

म्हणजे हा गोऱ्यांचा रोग. मग टीव्हीवर रोज क्रीम लावा म्हणून कशाला डोकं खातात? आपल्या कातडीला निसर्गानं बंदोबस्त केलेला आहे, विषय संपला.

त्वचारोग ओपीडी (अंबाजोगाई परिसर)

विषय संपत नाही, सडेतोडराव. बंदोबस्त आहे हे खरं. मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, बनवणाऱ्या पेशी गोऱ्या आणि सावळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येनं असतात. फरक आहे मेलॅनिनच्या कणांत. आपले कण मोठे, गडद आणि सुटे सुटे पसरलेले, आणि ते पेशीच्या केंद्रकावर फेट्यासारखे बसतात. त्यामुळे खालच्या थरातल्या मूळ पेशींपर्यंत अतिनील किरण फार कमी पोचतात. वरच्या थरातल्या पेशींचं नुकसान होतं, पण त्या तशाही झडून जायच्याच असतात. कर्करोग जन्मतो तो मूळ पेशींतून.

आता ओपीडीत काय दिसतं ते सांगतो. "ऊन लागून कातडी खराब झाली" म्हणत येणाऱ्या शेतकऱ्यांत मोठा वाटा गाजरगवताचा असतो. पापण्या सुजलेल्या, मान जाड आणि खरबरीत, कोपराच्या लवणीत खाज. उन्हात वाढते म्हणून ते उन्हाचंच समजतात. १९५० च्या दशकात पुण्याकडं पहिल्यांदा दिसलेलं आणि अमेरिकेतून आलेल्या गव्हासोबत आलं असं मानलं जाणारं हे तण आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे. हा कर्करोग नाही, पण कर्करोगाच्या भीतीनं लोक येतात.

दुसरे वांगाचे पेशंट. त्यांनी आधीच मेडिकलवरून 'गोरं करणारं' मलम आणून लावलेलं असतं, त्यात स्टेरॉईड असतं. चेहरा पातळ, लाल, रक्तवाहिन्या दिसतात. ऊन जे करत नाही ते त्या ट्यूबनं केलेलं असतं. यावर मी चिडून बोलतो, माफ करा.

कर्करोग कमी दिसतो, पण दिसतो. बेसल सेल कर्करोग गोऱ्यांत गुलाबी मोत्यासारखा असतो, आपल्याकडे बहुतेक वेळा काळा असतो. नाकाच्या कडेला, खालच्या पापणीखाली काळा चकचकीत मणी. घरचे म्हणतात तीळ आहे, वाढला तर म्हणतात मस आहे. कोणी चुना-सोडा लावून जाळतं, कोणी घोड्याचा केस बांधतं. तो अंगात दूर सहसा पसरत नाही, पण जागच्या जागी खात जातो. वेळेत आला तर छोट्या शस्त्रक्रियेत निघतो, उशिरा आला तर डोळा वाचवायचा की नाक ते ठरवावं लागतं. कोरडवाहू सरांनी सांगितलेल्या त्या सिंगापूरच्या अभ्यासातच हेही आहे की, कमी प्रमाण असलेल्या देशातसुद्धा जो कर्करोग होतो त्यात उन्हाच्या खुणा आणि बिघडलेलं टीपी५३ हीच लक्षणं दिसतात. फेटा भक्कम आहे, पण एखाद्या ठिकाणून किरण आत गेलेच तर पुढचा रस्ता दोघांचा सारखाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आपल्याकडच्या त्वचेच्या कर्करोगाची एक मोठी बाजू उन्हाशी संबंधितच नाही. जुने भाजल्याचे व्रण, वर्षानुवर्षं न भरणारी जखम, कुष्ठरोगानं बधिर झालेल्या तळव्यावरचा खड्डा, यांत स्क्वॅमस सेल कर्करोग उगवतो. भाजल्यापासून साधारण दोन-तीन दशकांनी. स्टोव्हच्या भडक्यात लहानपणी भाजलेली बाई पन्नाशीत येते आणि म्हणते, "जुनीच जखम आहे, अधूनमधून चिघळते." कडा उचललेली, वास येणारी, हात लावला की रक्त येणारी जखम दिसली तर मलम बदलत बसू नका, तुकडा तपासा.

ऊसफड (बीड)

डॉक्टरसायेब, तळपायाचं लिव्हलं ते बरं केलं. माज्या चुलत्याच्या टाचंला काळा डाग व्हता. बाभळीचा काटा मोडून ऱ्हायला आन् रक्त साकळलं असं समदे म्हणायचे. फडात तर अनवाणीच. कोणी कुरूप म्हणून ब्लेडनं तासलं, एका दवाखान्यात तर नुसती पट्टी करून लावून दिलं. मग जांघंत गाठ आली तवा कळलं. मेलानोमा, म्हंजी कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. डॉक्टर म्हणले हा उन्हानं नाही होत. मग कशानं हो होतो? चुलता जन्मभर उन्हातच व्हता.

त्वचारोग ओपीडी

ऊसफड, वाईट झालं. ते डॉक्टर बरोबर बोलले. गोऱ्या लोकांतला नेहमीचा मेलानोमा पाठीवर, पायाच्या पोटरीवर येतो. त्याचा डीएनए वाचला तर उन्हाच्या सी-टी बदलांचा नुसता खच पडलेला असतो, आणि साधारण निम्म्यांत बीआरएएफ हे जनुक बिघडलेलं असतं. तळवा, तळहात आणि नखाखालचा मेलानोमा वेगळ्या जातीचा. त्यात असे बारीक बदल कमी असतात, त्याऐवजी गुणसूत्रांचे मोठमोठे तुकडे तुटलेले, दुप्पट-चौपट झालेले दिसतात. काहींत केआयटी जनुक बिघडलेलं असतं. तळव्याची कातडी जाड, तिथं ऊन फारसं पोचतच नाही. सतत पडणारा भार आणि घर्षण यांचा हात असावा असा अंदाज आहे. तो जगभर सगळ्या रंगाच्या लोकांना होतो. गोऱ्यांत उन्हाचा मेलानोमा इतका जास्त की हा झाकला जातो. आपल्यात उन्हाचा जवळजवळ नाही, म्हणून हाच उठून दिसतो. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांना पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच झाला होता, १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी ते गेले. फुटबॉल खेळताना लागलंय असं आधी वाटलं होतं.

तुमच्या चुलत्यांची गोष्ट मी वेगवेगळ्या नावांनी ऐकलेली आहे. कुरूप दाबलं की दुखतं, रंगानं पिवळट, मध्ये कडक. काट्यानं साकळलेलं रक्त हळूहळू वर सरकतं आणि काही आठवड्यांत निघून जातं. जो काळा डाग जागचा हलत नाही, कडा वेड्यावाकड्या आहेत, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत आणि तो वाढतोय, त्याला ब्लेड लावायचं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवायचं.

औसा ते ब्रिस्बेन

मी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये राहतो. इथं त्वचेच्या कर्करोगाबद्दल लोक सर्दी-पडशासारखं बोलतात. सत्तरीपर्यंत तिघांत दोघांना त्वचेचा कोणता ना कोणता कर्करोग होतो असं इथं सरसकट सांगतात. शाळेत टोपी नसेल तर लेकरांना मधल्या सुट्टीत सावलीतच बसवतात. ब्रिस्बेनच्या उत्तरेला नॅम्बोर गावात १९९२ पासून हजार-दीड हजार लोकांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला दिलं, त्यांच्यात स्क्वॅमस सेल कर्करोग जवळपास ४० टक्क्यांनी कमी झाले. क्रीमच्या जाहिरातींमागे असा पुरावा आहे, पण तो आयर्लंड-स्कॉटलंडहून आलेल्यांच्या वंशजांच्या कातडीवरचा. याच उन्हात हजारो वर्षं राहिलेल्या इथल्या मूळ रहिवाशांत मेलानोमा फार कमी.

मी वार्षिक तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरनं पाठीकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, चपला-मोजे काढ. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं नीट पाहिली. तेव्हा मला नवल वाटलं होतं, आज धागा वाचून उलगडा झाला.

निशिगंधा (जालना)

मला दोन गोष्टी विचारायच्यात. माझ्या जावेला कोड आहे, हात आणि चेहरा बराच पांढरा झालाय. तिथं मेलॅनिनच नाही, मग तिला कर्करोगाची भीती किती? आणि दुसरं, आमच्याच घरात माझा दीर गोरा आणि माझे मालक काळेसावळे. एका आईची लेकरं. दिराला जास्त जपायचं का?

त्वचारोग ओपीडी

निशिगंधाताई, कोडाबद्दल लोकांना वाटतं त्याच्या उलट आहे. पांढरे डाग उन्हात भाजतात, त्यामुळे तिथं पूर्ण बाहीचं कापड आणि सनस्क्रीन हवंच. पण कोड असलेल्यांत मेलानोमा आणि त्वचेचे इतर कर्करोग इतरांपेक्षा कमी आढळतात असं युरोपातल्या मोठ्या पाहण्यांत दिसलंय. कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच रंगपेशींच्या मागे लागलेली असते, ती बिघडलेल्या पेशीलाही सोडत नसावी. जावेला सांगा, कोणी उगाच घाबरवलं तर ऐकू नका.

जन्मतःच पांढरी कातडी, भुरे केस, हलणारी नजर असलेलं लेकरू मात्र पूर्ण वेगळं. त्याच्या सबंध अंगात मेलॅनिन जवळजवळ नाही. आफ्रिकेत अशा लोकांना तरुणपणीच त्वचेचे कर्करोग होतात. अशा मुलाला शाळेत पहिल्या बाकावर आणि मैदानात सावलीत बसवा, ऊन उतरल्यावर खेळू द्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरांनी द्यावं.

कोरडवाहू

कातडीचा रंग एका जनुकावर ठरत नाही, पण एकाचा वाटा मोठा आहे. एसएलसी२४ए५ असं त्याचं नाव. २००५ मध्ये ते आधी फिकट पट्ट्यांच्या झेब्रा माशात सापडलं, मग माणसात. त्याच्या एका अक्षराच्या बदलानं कातडी उजळते. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेनं २०१३ मध्ये भारतभर पाहणी केली. हा बदल युरोपातल्या लोकांत आणि आपल्यात एकाच जुन्या पूर्वजाकडून आलाय, आणि भारतात त्याचं प्रमाण भागागणिक, समाजागणिक बदलतं. वायव्येकडं जास्त, दक्षिणेकडं कमी. आपण मध्ये. त्यामुळे एका घरात दोन रंग निघणं अगदी नैसर्गिक. आईबापांकडून एकाला दोन्ही प्रती उजळ आल्या, दुसऱ्याला एकच किंवा एकही नाही.

पण तुमचा दीर गोरा म्हणजे आपल्या मानानं गोरा. उन्हात तो लाल होऊन सोलला जातो की काळवंडतो? काळवंडत असेल तर भिण्यासारखं काही नाही. आयर्लंडच्या तांबड्या केसांच्या माणसात एमसी१आर हे जनुक वेगळं असतं, त्याची कातडी काळवंडतच नाही, नुसती भाजते. आपल्याकडे ती जात नाही.

गोदातीर (नांदेड)

खूप विचार करून लिहितेय. माझ्या मावसबहिणीचा मुलगा, साडेतीन वर्षांचा. बाहेर नेलं की डोळे मिटून घेतो, रडतो. वर्षाचा व्हायच्या आधीच तोंडावर, हातांवर बारीक काळे ठिपके उमटले. थोड्याशा उन्हानं अंग लाल होतं आणि दिवसेंदिवस उतरत नाही. घरचे म्हणतात ग्रहणात बाहेर पडली होती म्हणून. बहिणीचं लग्न मामाच्या मुलाशी झालेलं आहे. इथं वाचून मनात शंका आली. नक्की काय करावं?

त्वचारोग ओपीडी

गोदातीर, हे वाचल्यावर थांबू नका. न पाहता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेली लक्षणं झिरोडर्मा पिगमेंटोझमची असू शकतात. वर कोरडवाहू सरांनी जी दुरुस्तीची यंत्रणा सांगितली, तीच या मुलांत जन्मतः मोडलेली असते. इतरांची पेशी जे नुकसान वेळेवर भरून काढते, ते यांच्यात साठत जातं. सावळा रंग इथं पुरेसा पडत नाही, कारण जे थोडं आत जातं तेही दुरुस्त होत नाही. अमेरिकेत अशा रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला, तेव्हा विशीच्या आतल्या रुग्णांत मेलानोमा सोडून इतर त्वचेचे कर्करोग १०,००० पटींनी आणि मेलानोमा २,००० पटींनी जास्त आढळले. एका जनुकाचा बिघाड काय करू शकतो याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

हा आजार व्हायला बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडून यावी लागते. एक प्रत चांगली असली तर माणूस ठणठणीत. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडं सर्रास होतं, त्यात नवरा-बायकोला एकाच आजा-आजीकडून तीच बिघडलेली प्रत मिळण्याचा संभव वाढतो. दोघांकडे ती असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता. ग्रहणाचा संबंध नाही, आणि बहिणीचा दोष तर अजिबातच नाही. हे घरात मोठ्यांसमोर सांगा.

करायचं असं. त्वचारोग आणि बालरोग दोन्ही विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. जनुक तपासणीचं विचारा. निदान होईपर्यंत वाट न पाहता दिवसा पूर्ण बाह्या, मानेपर्यंत कापड, रुंद काठाची टोपी, डोळ्याला अतिनील अडवणारा चष्मा. खिडक्यांना अतिनील अडवणारी फिल्म लावा, कारण साध्या काचेतून लांब लहरींचे किरण आत येतात. ऊन पूर्ण टाळलं की ड जीवनसत्त्व कमी पडतं, ते औषधानं द्यावं लागतं. डोळे, कान आणि चालणं-बोलणंही तपासून घ्या, काही मुलांत मज्जासंस्थेवर परिणाम होतो. आणि पुढच्या बाळाचा विचार असेल तर आधी जनुकीय सल्ला.

गोदातीर

आभार. बहिणीला फोन केला, सोमवारी निघतायत.

सडेतोड

ठीक आहे, मुद्दा पटला. पण मग आते-मामे लग्नं बंद करा असं लिहा ना सरळ. घोळात कशाला?

मांजराकाठ

सडेतोड, तुमाला बोलायला काय जातंय. आमच्यात मामाचा हक्क असतोय भाचीवर, न्हाई म्हणलं की नातं तुटतंय. माजं सवताचं तसंच झालंय, दोन्ही लेकरं चांगली हायेत.

कोरडवाहू

दोघांचंही ऐकलं. मांजराकाठ, तुमची लेकरं चांगली आहेत आणि बहुतेक अशा लग्नांत चांगलीच असतात. पण घराण्यात आधी एखादं लेकरू असं आजारी झालेलं असेल, किंवा पिढ्यान्‌पिढ्या त्याच चार घरांत सोयरीक होत आली असेल, तर लग्न ठरवण्याआधी एकदा सल्ला घ्यावा इतकं तरी म्हणू. पत्रिका पाहायला वेळ असतो आपल्याकडे.

दप्तरदार (धाराशिव)

धाग्यात थोडा इतिहास टाकतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी सूर्याबाई यांच्यासोबत १९४५ मध्ये एक निबंध लिहिला होता, लोकांच्या सवयींतून होणाऱ्या कर्करोगांवर. त्यात धोतराचा कर्करोग आहे. कमरेला रोज एकाच जागी घट्ट आवळलेलं धोतर, घाम, घर्षण, कातडी आधी काळी-जाड होते, मग फुटते, आणि काहींत वर्षांनंतर कर्करोग. काश्मिरात फेरणच्या (लांब सैल झग्याच्या) आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून बसणाऱ्यांना पोटावर आणि मांडीवर होतो तोही याच कुळातला. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीखाली कर्करोग झालेल्या दोन वयस्क बायांची नोंद एका ब्रिटिश नियतकालिकात केली. नऊवारी आणि पाचवारी नेसणाऱ्या आयांच्या कमरेवरचा काळा पट्टा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

आणि आकडे कुठून येतात ते विचाराल तर, देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला सुरू झाली. बार्शी सोलापुरात, पण त्या नोंदणीत आमचे भूम आणि परांडा हे दोन तालुके पहिल्यापासून आहेत. तिथल्या बायकांत वर्षानुवर्षं गर्भाशयमुखाचा कर्करोग वर राहिला, कातडीचा यादीत फार खाली. म्हणजे मराठवाड्याच्या कडेची उन्हात राबणारी माणसं मोजूनच हे बोललं जातंय, नुसत्या अंदाजानं नाही.

निशिगंधा

परकराच्या नाडीचं वाचून सासूबाईंची कंबर पाहिली. पट्टा आहे, एका जागी चिरलेलं आहे, खाज येते म्हणाल्या. किती वर्षांपासून विचारलं तर हसल्या.

त्वचारोग ओपीडी

नुसता काळा पट्टा असेल तर नाडीऐवजी रुंद पट्टी किंवा इलॅस्टिक, गाठीची जागा रोज बदलणं, घरी असताना सैल बांधणं एवढ्यानं बराच फरक पडतो. चिरलेली जागा महिनाभरात भरली नाही, किंवा तिथं उंचवटा आला, तर आणून दाखवा. यात पेशी वारंवार जखमी होऊन वारंवार भरतात, त्या धावपळीत डीएनएच्या नकला चुकतात. उन्हाची खूण नसते, पण टीपी५३ इथंही बिघडलेलं सापडू शकतं.

औसा ते ब्रिस्बेन

एक शंका कोरडवाहू सरांना. सिंगापूरच्या कातडीत नॉच बिघडलेल्या पेशी जास्त म्हणालात. मग नॉच बिघडणं चांगलं की वाईट?

कोरडवाहू

चांगला प्रश्न. नॉच१ बिघडलेली पेशी शेजारच्या पेशींना ढकलून जागा व्यापते, पण बहुतेक वेळा तेवढ्यावरच थांबते. वय वाढलेल्या निरोगी अन्ननलिकेत तर अशा पेशींनी बरीच जागा बळकावलेली असते आणि माणूस धडधाकट असतो. टीपी५३ बिघडलेल्या पेशीचं तसं नाही, तिच्यात गुणसूत्रांची मोडतोड साठत जाते. म्हणजे निरोगी कातडीतसुद्धा पेशींच्या टोळ्यांची जागेसाठी मारामारी चाललेली असते, आणि ऊन कोणत्या टोळीला बळ देतं यावर पुढचं बरंच ठरतं. पण सिंगापूरवरून थेट परभणीवर उडी मारू नका. आपल्या शेतमजुराचा दिवस आणि सिंगापूरच्या शहरी माणसाचा दिवस यांत फार अंतर आहे.

ऊसफड

डॉक्टरसायेब, शेवटचं. चुलत्याचं झाल्यापसून घरात समदे एकमेकांचे पाय बघायलेत. मला उजव्या अंगठ्याच्या नखात उभी काळी रेघ हाय. पोराच्या बी दोन नखांत हाय. भ्या वाटायलंय.

त्वचारोग ओपीडी

सावळ्या लोकांत नखात उभी रेघ फार सामान्य आहे, वयाबरोबर आणि एकापेक्षा जास्त नखांत तर खूपच. पोराचं तसंच दिसतंय. तुमची एकाच नखात आहे म्हणून पाहायला हवी. रेघ किती रुंद आहे, कडा सरळ आहेत का, मुळाशी जास्त रुंद होत गेलीय का, आणि मुख्य म्हणजे काळेपणा नखातून बाहेर, भोवतीच्या कातडीवर उतरलाय का. मोबाईलवर पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, तारीख लिहा, आणि फडावर जायच्या आधी दाखवून जा. हंगाम संपेपर्यंत थांबायचं नाही. नख काढून टाकू का असं कोणी विचारलं तर नाही म्हणा, आधी मुळाचा तुकडा तपासायचा असतो.

ऊसफड

बरं. मंगळवारी अंबाजोगाईला येतो.